सुरुवात अशी नसते

"सुरुवात अशी नसते, सोमा," मी म्हणालो आणि लाल पेनाचं टोपण काढलं.

जेवणाची सुट्टी होती. टाइम ऑफिसातल्या माझ्या टेबलावर एका बाजूला हजेरीची कार्डं, दुसऱ्या बाजूला बायकोनं, सुनंदानं दिलेला डबा आणि मध्ये सोमा रोकडेचे पाच फुलस्केप कागद. सोमा दोन नंबर प्लांटवरचा ऑपरेटर. बस म्हटलं तरी बसेना, कपड्यांना वास येतोय म्हणाला. येत होताच, कडू बदामासारखा. आमच्या आनंदनगरच्या कारखान्यांत ज्याच्या अंगाला वास नाही तो साहेब, एवढं सोपं होतं सगळं.

त्याच्या कागदावरचं पहिलं वाक्य असं होतं : 'आमच्या दोन नंबरच्या केटलचा सेफ्टी व्हॉल्व्ह दिवाळीपासून तारेने बांधून ठेवला आहे.'

खोटं कशाला सांगू, ते वाचून माझ्या पोटात गोळाबिळा काही आला नाही. वाक्य रुक्ष आहे, एवढंच मला वाटलं.

मी कोण, ते आधी सांगतो. विष्णुपंत आठल्ये, राहणार हेंद्रेपाडा, बदलापूर पश्चिम. कंपनीत हजेरी लिहिणारा कारकून, पण माझी ख्याती वेगळीच. भोपाळ झाल्यापासून आमच्याकडे दर मार्चमध्ये सुरक्षा सप्ताह दणक्यात व्हायचा. पताका, बिल्ले, शपथ आणि कामगारांसाठी निबंध स्पर्धा. विषय दरवर्षी तोच, 'सुरक्षितता आणि मी'. फेब्रुवारी संपत आला की माझ्या टेबलापुढे रांग लागायची. निबंध ज्याचा त्याचा, सुरुवात माझी. कोणाला सुभाषितानं सुरुवात करून देई, कोणाला प्रश्नानं, कोणाला एखाद्या प्रसंगानं. उल्हासनगरचा माझा कागदवाला सिंधी तर मला बघूनच म्हणायचा, "आओ साईं, सेफ्टी आ गयी क्या?" आणि लाल पेनांचा डबा पुढे सरकवायचा. मला आवडायचं ते. कारकुनाला एरवी कोण विचारतं?

सुरुवातीला एवढं महत्त्व का, तर परीक्षक तेवढंच वाचत. परीक्षक म्हणजे आमचे पर्सोनेल ऑफिसर दिवेकरसाहेब. गठ्ठा त्यांच्या केबिनमध्ये नेणारा मी आणि परत आणणाराही मीच. ऐंशी निबंध अर्ध्या तासात व्हायचे. पहिला परिच्छेद वाचायचा आणि मग पानं भरली आहेत ना, ते अंगठ्यानं फरफर बघायचं. दुसरं पान त्यांनी कधी वाचल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. हे मला पक्कं ठाऊक होतं. लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तर मी सोमाला विचारलं की हे तारेचं काय प्रकरण आहे. त्यानं सांगितलं, अगदी हळू आवाजात. केटल म्हणजे माल शिजवायचा मोठा बंद हंडा. आत दाब वाढला की वरचा व्हॉल्व्ह आपोआप उघडतो आणि वाफ बाहेर सोडतो. दिवाळीपासून तो व्हॉल्व्ह वेळी-अवेळी उघडायला लागला आणि बॅचमागून बॅच वाया जाऊ लागली. नवीन मागवायचा तर महिना जाणार. सुपरवायझरनं धोंडिबा फिटरला बोलावून तो तारेनं आवळून टाकला. चार दिवसांपुरता म्हणून आवळला, त्याला चार महिने झाले होते.

"घरी कुकरची शिट्टी कोण बांधून ठेवतं का, पंत?" सोमा म्हणाला. "तीन टाइम बोललो सुपरवायझरला. रजिस्टरात लिहू का विचारलं, तर बोलला, लिही, आणि तुझं नाव मोठ्या अक्षरात लिही. आता निबंधाचं कोण वाईट वाटून घेणार? स्पर्धाच आहे ना. मोठे साहेब वाचतील तरी."

म्हणजे माणूस बक्षिसासाठी आलाच नव्हता. ते वाक्य वरपर्यंत पोचवायला आला होता आणि त्यासाठी त्यानं ते सगळ्यात वर ठेवलं होतं. सातवी शिकलेल्या माणसाला कळलं होतं की जे महत्त्वाचं ते आधी सांगायचं. आणि मी, जन्मभर लोकांना सुरुवाती करून देणारा, त्याला शिकवायला बसलो. वाचकाचं मन आधी तयार करावं लागतं, म्हणालो. एकदम तक्रारीनं तोंड उघडलं की साहेबलोक कागद मिटतात, म्हणालो. त्या वाक्यावर मी पट्टी ठेवून लाल रेघ मारली आणि समासात लिहिलं : 'सुरुवात अशी नको. रुक्ष. हे पान चारवर उदाहरण म्हणून घ्यावे.'

मग सुरुवात सांगितली. "लिही. मानवी देह ही परमेश्वरानं दिलेली अमूल्य देणगी आहे."

सोमाचं पेन थांबलं. "परमेश्वर नको, पंत," तो म्हणाला. "आम्ही बुद्धाचे."

माझं मलाच वाईट वाटलं. सोमाच्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली, हे मला माहीत होतं. त्याच्या लेकीच्या बारशाला कारखान्याशेजारच्या मोरिवलीला मी जाऊन आलो होतो. सवयीनं आलं तोंडात. परमेश्वर काढून निसर्ग घातला. सोमानं सगळं उतरून घेतलं आणि कागद हातात धरून उभा राहिला.

"पण चौथ्या पानावरचं कोण वाचेल, पंत?"

"सुरुवात चांगली झाली की माणूस शेवटपर्यंत वाचतो," मी म्हणालो.

तो बरं म्हणाला आणि गेला. मी त्याला अरे-तुरे करायचो, तो मला अहो-जाहो. त्यानं माझं ऐकलं त्यात या अहो-जाहोचाही वाटा होता, असं आता वाटतं.

मी खोटं का बोललो? रात्रंदिवस विचार केला आहे त्याचा. थोडी भीती होती. तसली सुरुवात साहेबांपुढे गेली तर 'पंत, तुमच्या टेबलावरून असलं काही येतं कसं?' असं ऐकावं लागलं असतं. पण भीती थोडीच. जास्त होती ती हौस. सोमाच्या ढोबळ वाक्यापेक्षा माझं वाक्य छान दिसत होतं, बस. नाकापेक्षा मोती जड, तसल्या मोत्यांचं दुकान मी मांडलं होतं.

पाच दिवसांनी, रविवारी सकाळी, मी पेपर वाचत होतो. सुनंदा न्हाणीघरात होती आणि ओट्यावर कुकर होता. बराच वेळ झाला तरी शिट्टी होईना. नुसताच बारीक हिस्स आवाज. माझ्या हातातला पेपर कधी खाली पडला कळलं नाही. धावत जाऊन गॅस बंद केला आणि मागच्या दारात जाऊन उभा राहिलो. सुनंदा बाहेर आली तर मी अंगणात आणि कुकर आत. पोटभर हसली. शिट्टीत वरणाचं डाळपाणी अडकलं होतं, एवढंच. "इतके काय घाबरलात," म्हणाली, "कुकर आहे, वाघ नाही." पण मी मनात ठरवलं की उद्या दिवेकरसाहेबांना चौथं पान दाखवायचंच.

दुसऱ्या दिवशी ते ठरवूनच केबिनमध्ये गेलो. साहेब खुशीत होते. सोमाचा निबंध त्यांनी वर काढून ठेवला होता. 'निसर्गाने दिलेली अमूल्य देणगी' मोठ्यानं वाचलं आणि म्हणाले, "पंत, हा तुमचाच हात दिसतोय."

मी म्हणालो, "साहेब, चौथं पान बघितलंत का?"

"का? शेवटही तुमचाच का?" असं म्हणून ते हसले.

आणि मीही हसलो. त्यांच्याबरोबर, त्यांच्याइतकंच हसलो आणि गठ्ठा उचलून बाहेर आलो. अळीमिळी गुपचिळी. साहेबांनी निबंधाचं पहिलं पान सुटं करून गेटजवळच्या बोर्डावर लावायला सांगितलं, इतरांनी आदर्श घ्यावा म्हणून. बाकीची पानं गठ्ठ्यात गेली आणि गठ्ठा महिन्याभरात रद्दीत. ही तर दरवर्षीची पद्धत होती.

बक्षीस समारंभ कॅन्टीनच्या हॉलमध्ये झाला. टेबलं भिंतीला लावून स्टेज केलं होतं. सोमाची बायको रखमा नवी साडी नेसून पहिल्या रांगेत बसली होती. पहिलं बक्षीस भिंतीवरचं घड्याळ. फॅक्टरी मॅनेजरांनी ते सोमाच्या हातात दिलं आणि हौसेनं म्हणाले की आपला निबंध वाचून दाखवा. दिवेकरसाहेबांनी बोर्डावरचं पान काढून आणून त्याच्या हातात दिलं. तेवढं एकच पान. सोमानं घड्याळ काखेत धरून पहिला परिच्छेद वाचला. मग कागद उलटून मागे बघितलं. मागे कोरा होता. त्यानं मॅनेजरांकडे बघितलं आणि तोंड उघडलं, "आणि पुढं असं आहे साहेब, की..."

तेवढ्यात टाळ्या झाल्या. पहिली टाळी माझी होती. तो काही भलतंसलतं बोलेल आणि सगळा कार्यक्रम नासेल, म्हणून मी घाईनं वाजवली. माझ्यामागून सगळा हॉल वाजवू लागला. सोमा घड्याळ तसंच काखेत धरून खाली उतरला.

त्यानंतर तो माझ्या टेबलाशी आला नाही. कार्ड पंच करताना मान हलवायचा, तेवढंच. दुपारी वारा फिरला की दोन नंबरचा वास आता ऑफिसातही यायचा. कॅन्टीनमधल्या भिमाबाईंची पितळेची परात घासून घासूनही काळी पडत होती. त्या चिंचेला, राखेला आणि शेवटी कंपनीला शिव्या द्यायच्या. मोरिवलीच्या बाजूच्या कुंपणावरची वेल एका आठवड्यात पिवळी पडली. मला सगळं दिसत होतं. दिसूनही मी रोज हजेरी लिहीत होतो.

तेवीस एप्रिल एक्क्याण्णव, मंगळवार. दुपारचे चार वाजून दहा मिनिटं झाली होती. दुसरी पाळी सुरू होऊन जेमतेम चाळीस मिनिटं.

आवाज एकच झाला. माझ्या खिडकीची काच हजेरीच्या कार्डांवर येऊन पडली. मोरिवलीकडचे सगळे कावळे एकदम वर उठले आणि मग काहीच ऐकू येईना. कंपनीचा बंब बाहेर काढला तर त्याच्या पाइपाचा जोड नळाला बसेना. वर्षानुवर्षं त्याला लाल रंग तेवढा देत होतो आम्ही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय.

दोघे भाजले, ते वाचले. सोमा गेला. केटल तापवणारी वाफ खालून बंद होत नाही म्हटल्यावर त्यानं बाकीच्यांना खाली पिटाळलं आणि स्वतः वाफेचं चाक फिरवायला वर चढला, असं धोंडिबानं मला सांगितलं. रडत रडत सांगितलं आणि हेही सांगितलं की चौकशीत आपण बोलणार नाही. त्याला तीन मुली होत्या लग्नाच्या.

आठवड्याभरात कंपनीचं म्हणणं बोर्डावर लागलं. व्हॉल्व्हला तार ऑपरेटर रोकडे यांनी कोणालाही न विचारता बांधली होती, त्यांच्या निष्काळजीपणामुळे अपघात झाला. ज्या जागी त्याचं पहिलं पान होतं त्याच जागी तो कागद लावला होता, टाचण्याही त्याच. रखमाला नवरा गेल्यावर आता हेही ऐकायचं होतं की दोघांना त्यानंच भाजलं.

दिवेकरसाहेबांनी मला बोलावलं. निबंध रद्दीत गेले ना, विचारलं. गेले म्हणालो. मग म्हणाले, तेच बरं. तुमच्या निवृत्तीला तीन वर्षं राहिली आहेत आणि माणसानं शेवटची वर्षं शांतपणे काढावीत, असंही बोलले. आवाज इतका मायेचा होता की मला घाम फुटला.

कारखाना निरीक्षकांची चौकशी तेरा मेला, सोमवारी ठरली होती. आदल्या दिवशी, रविवारी सकाळी रखमा आमच्या घरी आली. हातात प्लास्टिकची पिशवी. सुनंदानं पाणी दिलं, चहा टाकला. रखमानं पिशवीतून कागद काढून माझ्यापुढे ठेवले. सोमाचे ते कच्चे पाच कागद. माझ्या टेबलावरून घेऊन गेला होता ते. वर माझी लाल रेघ, पट्टीनं मारलेली, सरळ.

तिला काय वाचता येणार, असं समजून मी म्हणालो, "वहिनी, यात सोमानं असं लिहिलंय की..."

"वाचता येतं मला," रखमा म्हणाली. "मला तुमच्या तोंडून ऐकायचंय. आधी काळं वाचा, मग लाल वाचा."

मी वाचलं. आधी काळं, मग लाल. 'रुक्ष' हा शब्द गाळून मी पुढे जायला लागलो, तेव्हा तिनं त्यावर बोट ठेवलं. वाचल्याशिवाय सोडणार नव्हती.

"ते घरी येऊन बोलले होते," ती म्हणाली, "पंतांनी पान चारवर घ्यायला सांगितलं, तर घेतलं. पंतांना कळतं त्यातलं. आता कंपनी बोलते तार त्यांनीच बांधली. ज्यानं बांधली तो असं लिहून तुमच्याकडं आणील का? उद्या तिथं हेच वाचा. मी दिलं तर बोलतील, बाईनं मागाहून लिहून आणलं. तुमची लाल शाई तुम्हाला नाकारता यायची नाही."

चहा पिऊन, कप विसळून ठेवून ती गेली. कागद माझ्याकडेच ठेवून गेली. मी ते फाडू शकलो असतो, हे तिला कळत नव्हतं असं नाही. सुनंदा दारात उभी होती, तिनं सगळं ऐकलं होतं. त्या दिवशी तिनं कुकर लावला नाही, भात पातेल्यात केला.

चौकशी त्याच कॅन्टीनच्या हॉलमध्ये झाली. टेबलं तशीच भिंतीला. रखमा मागच्या बाकावर, धोंडिबा तिच्यापासून लांब. कंपनीचं म्हणणं वाचून झालं. मला फक्त एवढंच विचारणार होते की त्या दिवशी रोकडे हजर होते का. हो म्हणून मी बसायचं. मी हो म्हणालो, पण बसलो नाही. मला एक कागद वाचायचा आहे, म्हणालो.

दिवेकरसाहेबांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे बघितलं. निरीक्षक म्हणाले, वाचा.

चाळीस वर्षांची खोड. तोंड उघडलं की दोन गोड वाक्यं आधी येतात. 'आजच्या या दुःखद प्रसंगी' एवढं जिभेवर आलंही होतं. मागे रखमा मान वर करून बघत होती. मी ते वाक्य गिळलं.

"आमच्या दोन नंबरच्या केटलचा सेफ्टी व्हॉल्व्ह दिवाळीपासून तारेने बांधून ठेवला आहे," मी वाचलं.

हे कोणी लिहिलं, निरीक्षकांनी विचारलं. सोमा रोकडेनं, फेब्रुवारी महिन्यात, सुरक्षा सप्ताहाच्या निबंधासाठी, मी सांगितलं. त्यांनी कागद हातात घेऊन उजेडात धरला.

"आणि ही लाल शाई कोणाची?"

"माझी."

"कशासाठी?"

"सुरुवात चांगली दिसावी म्हणून," मी म्हणालो. चौथं पान कोणी वाचत नाही हे मला माहीत होतं, तेही सांगितलं. दिवेकरसाहेब उठून काहीतरी बोलू लागले, त्यांना निरीक्षकांनी बसायला सांगितलं. मग लाल मजकुराखाली सही करायला कागद माझ्यापुढे सरकवला. इतक्या वर्षांत शे-दीडशे सुरुवाती लिहून दिल्या, खाली माझं नाव कधी पडलं नव्हतं. पूर्ण नाव लिहिलं, तारीख घातली.

मला वाटलं, झालं. मी बसायला लागलो.

"थांबलात का?" निरीक्षक म्हणाले. "पुढचं वाचा."

मी पुढचं वाचलं. पाचही पानं वाचली. वारा मोरिवलीकडे असला की काय होतं ते, बंबाच्या पाइपाचा जोड झिजला आहे ते, वाफेचं चाक कडक फिरतं म्हणून एका माणसाला वर चढून दोन्ही हात लावावे लागतात ते. सगळं त्यानं लिहून ठेवलं होतं, साध्या वाक्यांत, एकाखाली एक. संपल्यावर कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पाचव्या पानाच्या तळाशी थोडी जागा सोडून त्यानं आपलं नाव, टोकन नंबर आणि पाळी लिहिली होती. तेही मी वाचलं. सोमा धर्मा रोकडे, टोकन दोनशे सतरा, दुसरी पाळी.